पास्कल, पत्ते आणि अर्धवट राहिलेला डाव

पास्कल म्हटलं की आपल्याला आठवतं प्रेशरचं युनिट, फार तर हायड्रॉलिक जॅक. हा माणूस जुगाराच्या गणितात कसा शिरला ते मात्र आपल्या सिलॅबसमध्ये नाही. म्हणून हा लेख.

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ चा, फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावचा. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील कर खात्यात, स्वतः गणिताचे शौकीन. पण मुलाने आधी भाषा शिकाव्यात म्हणून त्यांनी गणिताची पुस्तकं चक्क लपवून ठेवली! (आपल्याकडे नेमकं उलट.) तरी बाराव्या वर्षी पोराने जमिनीवर कोळशाने आकृत्या काढत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज स्वतःच शोधली. पुढे वडिलांना करांचे हिशोब करत रात्री जागताना बघून १६४२ मध्ये त्याने दातेरी चाकांचं बेरजेचं मशीन बनवायला घेतलं. तो मेकॅनिकलचा की कॉम्प्युटरचा, ते तुम्ही आपसात भांडून ठरवा.

१६५१ मध्ये वडील वारले. पुढच्याच वर्षी लाडकी धाकटी बहीण जॅकलीन त्याचं न ऐकता मठात गेली. तब्येत कायमची नाजूक, घर रिकामं. या दिवसांत तो पॅरिसच्या उमरावांमध्ये वावरायला लागला, आणि त्यांच्यातल्या शेवालिए द मेरे नावाच्या जुगाराच्या जाणकाराने त्याला एक जुनं कोडं घातलं.

कोडं समजायला बोरिवली लोकलमधला पत्त्यांचा ग्रुप डोळ्यासमोर आणा. मांडीवर ब्रीफकेस, त्यावर डाव. दोघांनी ३२-३२ लावलेत, आधी तीन डाव जिंकेल त्याचे सगळे ६४. एकाचे दोन झाले, दुसऱ्याचा एक, आणि अंधेरी आली. उतरायचंय. पैसे कसे वाटायचे?

इटलीच्या लुका पाचोलीने १४९४ मध्ये सांगितलं होतं, जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटा. म्हणजे एकच डाव झाला असेल तर सगळे पैसे एकालाच! पास्कलने १६५४ च्या उन्हाळ्यात फर्माशी पत्रव्यवहार करून हा विचारच उलटा केला. काय झालं ते सोडा, काय होऊ शकतं ते मोजा. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्याचे ६४. हरला तर बरोबरी, म्हणजे ३२. बत्तीस कुठे जात नाहीत. उरलेल्या बत्तिसावर दोघांचा सारखा हक्क. म्हणून ४८ आणि १६. बस्स, एवढंच! जिला आपण प्रोबॅबिलिटी म्हणून घाबरतो ती इथून उभी राहिली. पास्कलचा त्रिकोणही त्याने याच कामाला जुंपला. आपल्याकडे हलायुधाने तो दहाव्या शतकातच मेरुप्रस्तार म्हणून मांडला होता, पण नाव लागलं पास्कलचं.

आता हेच पोकरमध्ये बघा. तीन पत्तीत पानं वाटली की नशीब ठरलं. पोकरमध्ये पुढचं पान यायचं असतं. समजा, मध्ये १०० काड्या आहेत (हॉस्टेल आहे, काड्यापेटीच्याच काड्या!). टेबलावरच्या पाचपैकी चार पानं उघडली, त्यात दोन बदाम. तुमच्याकडे इस्पिक आणि किलवरचा एक्का. समोरच्याकडे बदामची दोन छोटी पानं. आत्ता तुम्ही पुढे आहात, पण शेवटचं पान बदाम आलं की त्याचा फ्लश आणि तुमची जोडी गार. न दिसलेली पानं ४४, त्यात बदाम ९. म्हणजे साधारण २० टक्के.

नवखा खेळाडू इथे खुशीत येऊन गप्प बसतो किंवा दहाच काड्या लावतो. समोरच्याने १० भरल्या, ढीग १२० झाला, त्यात त्याचा पास्कलच्या हिशोबाने वाटा २४. तो हसत भरणार, आणि बरोबरच करणार. तुम्ही ५० लावल्या तर ढीग २००, वाटा ४१, भरलेल्या ५०. आता पान बघायला येणं त्याच्या अंगाशी येतं. ३५ च्या आसपास हिशोब बरोबरीत सुटतो. अर्थात समोरच्याची पानं खरं तर दिसत नसतात, अंदाजच बांधायचा. आणि ५० लावूनही पाचातून एकदा बदाम येणारच. त्या एका बदामनंतर पुढचे दहा डाव घाबरून खेळणारे प्रत्येक विंगमध्ये सापडतात.

पास्कलने मात्र हे गणित फार पुढे नेलं नाही. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री त्याला काहीतरी विलक्षण अनुभव आला आणि तो धर्माकडे वळला. पण पत्ते सुटले तरी बाजी सुटली नाही. देव आहे की नाही या प्रश्नातही त्याने लावायचं काय आणि मिळायचं काय हाच हिशोब मांडला. ती टिपणं त्याच्यामागे १६७० मध्ये छापली गेली.

शेवटच्या वर्षी, आजारपणात, त्याने आणखी एक उद्योग केला. मार्च १६६२ मध्ये पॅरिसमध्ये त्याच्या कल्पनेतून घोडागाड्या सुरू झाल्या. ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, गाडी भरो न भरो, भाडं पाच सू. म्हणजे आपल्या बेस्टची खापरपणजीच. त्यातला आपला वाटा त्याला गरिबांना द्यायचा होता. गंमत म्हणजे मजूर आणि नोकरांना त्या गाडीत चढायलाच कोर्टाने बंदी घातली.

१९ ऑगस्ट १६६२ ला तो गेला. वय ३९. नंतर नोकराला त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला कागद सापडला, त्या नोव्हेंबरच्या रात्रीचा. कोट बदलला की तो कागद उसवून नव्या कोटात पुन्हा शिवायचा, असं आठ वर्षं चाललं होतं म्हणतात.