न बोललेलं वाचणारा माणूस

चार्ल्स डार्विन म्हटलं की पांढऱ्या दाढीचा, माणसाचं माकडाशी नातं जोडणारा शास्त्रज्ञ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. शाळेच्या पुस्तकात तो असाच भेटतो आणि परीक्षा संपली की विसरला जातो. मला मात्र हा माणूस जवळचा वाटू लागला तो त्याच्या एका वेगळ्याच ग्रंथामुळे. माणूस आणि प्राणी आपल्या भावना कशा प्रकट करतात, हा त्या ग्रंथाचा विषय. तो १८७२ मध्ये निघाला, तेव्हा डार्विन त्रेसष्ट वर्षांचा होता. रडताना कपाळाला आठ्या का पडतात, रागाने नाकपुड्या का फुलतात, लाजलं की गाल लाल का होतात, असे लहान मुलांना पडणारे प्रश्न त्याने त्या वयात पुरत्या गांभीर्याने घेतले होते.

अभिव्यक्ती हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो! राज्यघटनेत अभिव्यक्तिस्वातंत्र्य असतं, समीक्षक कवीच्या अभिव्यक्तीविषयी बोलतात. पेशीतल्या जनुकात साठवलेली माहिती वापरली जाऊन तिच्यातून प्रथिन तयार झालं, की जनुक व्यक्त झालं असं जीवशास्त्रज्ञ म्हणतात. आपल्या जुन्या गणितींनी तर आकड्यांच्या हिशेबाला व्यक्त गणित आणि बीजगणिताला अव्यक्त गणित अशी नावंच दिली होती. या सगळ्यांच्या मुळाशी कल्पना एकच आहे, आत दडलेलं बाहेर दिसू लागणं. डार्विनने ती माणसाच्या चेहऱ्यावर शोधली.

गंमत अशी, की तो स्वतः मनातलं चटकन बाहेर काढणारा नव्हता. इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावी १२ फेब्रुवारी १८०९ रोजी एका डॉक्टरच्या घरी त्याचा जन्म झाला. एडिंबरोला वैद्यकी शिकायला गेला, ती अर्धवट सोडली. मग पाद्री व्हावं म्हणून केंब्रिजला गेला आणि तिथून बीगल जहाजावर चढला. १८३१ ते १८३६ ही पाच वर्षं जगप्रवासात गेली. नैसर्गिक निवडीची कल्पना त्याला १८३८ मध्येच सुचली होती, पण ग्रंथ आला १८५९ मध्ये. दोन दशकं त्याने ती वह्यांत आणि मोजक्या मित्रांपुरती ठेवली. घरी श्रद्धाळू पत्नी एमा, बाहेर धर्मनिष्ठ समाज. शिवाय पुरावा भक्कम झाल्याशिवाय बोलायचं नाही, हा स्वभाव.

चेहरे पाहण्याचा नाद मात्र तेव्हापासूनचा. १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जेनी नावाची ओरांगउटान होती. रखवालदाराने तिला सफरचंद दाखवलं आणि दिलं नाही, तेव्हा ती हट्टी मुलासारखी हातपाय झाडत रडू लागली. डार्विनने हे सारं बारकाईने टिपलं. पुढच्या वर्षी डिसेंबरात पहिला मुलगा विल्यम जन्मला आणि बापाने त्याच्या रडण्याहसण्याची टिपणवही सुरू केली. सहा महिन्यांच्या विल्यमसमोर दाईने रडण्याचं सोंग केलं, तर त्याचाही चेहरा उतरला. एवढ्याशा जिवाला हे शिकवलं कोणी? घरातला कुत्राही त्याच्या नजरेतून सुटला नाही. मालक फिरायला निघाला की तो उड्या मारायचा, पण मालकाची पावलं काचगृहातल्या झाडांकडे वळली की त्याचे कान, मान, शेपटी सगळं एकदम खाली यायचं.

स्वतःवरचा त्याचा प्रयोग तर हसू आणणारा आहे. प्राणिसंग्रहालयातल्या विषारी सापाच्या जाड काचेला त्याने तोंड लावलं. साप झेपावला तरी मागे हटायचं नाही, असा पक्का निश्चय केला. साप झेपावला आणि हे महाशय उडी मारून मागे! काच फुटणार नाही हे बुद्धीला ठाऊक होतं, पण अंगाने बुद्धीचं ऐकलं नाही.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्राने घाम, रोमांच, कंप, आवाजातला बदल, अश्रू अशा आठ सात्त्विक भावांची वेगळी यादी केली आहे. ती वाचताना मला हा साप आठवतो. हातवारे ठरवून करता येतात. अंगावरचा काटा ठरवून आणणं अवघड, आलेला लपवणं त्याहून अवघड.

२३ एप्रिल १८५१ रोजी डार्विनची लाडकी मुलगी ॲनी मॅल्व्हर्न गावी उपचार चालू असताना गेली. वय अवघं दहा. एमा दिवस भरत आल्यामुळे घरी होती, शेवटच्या दिवसांत मुलीच्या उशाशी बाप होता. अंत्यविधीला न थांबता तो एमाकडे परतला. आठवड्याभराने त्याने ॲनीविषयी काही पानं लिहिली, छापण्यासाठी नव्हे, घरापुरती. त्यांत तिच्या चेहऱ्यावरून ओसंडणारा आनंद, तिचं बिलगणं, तिची चाल यांचं वर्णन आहे. 

त्यानंतर एकवीस वर्षांनी आलेल्या ग्रंथात एक छोटा प्रसंग आहे. आगगाडीच्या डब्यात समोर एक वृद्ध बाई शांत बसली होती. तिच्या ओठांचे कोपरे किंचित खाली ओढले गेले, बाकी चेहरा स्वस्थ. डार्विनला वाटलं, ही हालचाल निरर्थकच असणार. तोच बाईचे डोळे पाण्याने भरून आले. फार पूर्वी गमावलेलं एखादं मूल तिला आठवलं असावं, असा तर्क त्याने केला. आठवण दुसरी कुठलीही असू शकली असती. त्याला नेमकं गमावलेलं मूलच सुचावं, यात मला तो बाप दिसतो. ॲनीचं नाव त्याने तिथे घेतलेलं नाही.

हे भाव सगळ्या माणसांत सारखे आहेत का, हे ताडून पाहण्यासाठी १८६७ च्या सुमारास त्याने जगभर प्रश्नावली धाडली. आश्चर्याने डोळे विस्फारतात का? होकारासाठी मान वरखाली हलते का? छत्तीस उत्तरं आली, आणि एक आलं थेट आपल्या अहमदनगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातून. तिथे राहणाऱ्या अर्स्किनसाहेबाची अडचण अशी, की युरोपियनांसमोर इथली माणसं आपल्या भावना सवयीने लपवतात, त्यामुळे खात्रीचं काही सांगता येत नाही. मला हे उत्तर सगळ्यांत बोलकं वाटतं. १८५७ चा उठाव होऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं लोटली होती. साहेबासमोर चेहरा कोरा ठेवणं हाही एक जबाबच होता.

सगळ्या मानवजातीचे मूळ भाव एकच, हा डार्विनचा निष्कर्ष. माणसांचे वंश मुळातच वेगळे मानणाऱ्या त्या काळात तो मोठाच होता. तो कितपत खरा आणि त्यात संस्कृतीचा वाटा किती, यावर मानसशास्त्रज्ञ आजही वाद घालतात. तो घालू द्यावा. १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन गेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला जागा मिळाली.

आपल्या घरांतही मनातलं बोलून दाखवण्याची रीत कमीच. वडील काही न बोलता मुलीची बॅग गाडीत ठेवतात, आई पदराने डोळे टिपून कांद्याला दोष देते. त्यांनी काहीच सांगितलं नाही असं आपण म्हणतो. ओठांचा कोपरा किती हलला, हे पाहायला मात्र समोर बसून राहावं लागतं. डार्विन तसा बसत असे.