अडुळशाची बाटली आणि प्रफुल्लचंद्र राय

मैत्रिणींनो, परवा वस्तीतल्या एका आजींकडे गेले होते. दाराशी अडुळसा नुसता माजलेला, आणि नातवाच्या खोकल्यासाठी बाटली मात्र उधारीवर आणलेली. मला आचार्य प्रफुल्लचंद्र रायच आठवले.

त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ चा, रारुली गावातला. हे गाव आता बांगलादेशात आहे. एडिंबरोला रसायनशास्त्रात डी.एस्सी. करून १८८८ साली ते परत आले आणि वर्षभराने कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले.

तेव्हा दवाखान्यातली औषधं यायची बोटीतून. ओव्याचंच बघा ना. आपला ओवा पोत्यांनी जर्मनीला जायचा, तिथे त्याचं थायमॉल काढायचे. माल आपला, कमाई त्यांची! आणि औषध परवडायचं कुणाला?

रायांनी १८९२ मध्ये जेमतेम ७०० रुपयांवर राहत्या घरातच बेंगॉल केमिकल सुरू केलं. दिवसा कॉलेज, उरलेल्या वेळात औषधं. फॉस्फेटसाठी गुरांची हाडं आणून गच्चीवर वाळत घातली, तर कावळ्यांची ही झुंबड! शेजारीपाजारी वैतागले. (घरात बाईमाणूस असती तर तिनेही हाकललंच असतं, पण हे गृहस्थ जन्मभर अविवाहित.)

विलायती पद्धतीच्या औषधांबरोबर त्यांनी अडुळसा, कालमेघ, कुडा, ओवा यांचीही औषधं काढली. नुसता झाडपाला कुटून पुड्या बांधल्या नाहीत, प्रयोगशाळेतल्या रीतीने अर्क काढले, म्हणून तर ती डॉक्टरांपुढे ठेवता आली. तरी देशी औषध म्हटलं की डॉक्टर नाकं मुरडायचे. त्यांना पटवायचं काम मित्राने, डॉ. अमूल्यचरण बोस यांनी केलं. १८९८ मध्ये हा मित्र प्लेगने गेला. राय खचले असतील, पण थांबले नाहीत. १९०१ साली त्याची लिमिटेड कंपनी झाली.

त्याच सुमारास आपले गोपाळ कृष्ण गोखले कोलकात्यात त्यांचे शेजारी होते. त्यांनीच गांधीजींशी ओळख करून दिली आणि सांगितलं, की हे प्राध्यापक ८०० रुपये पगारातले ४० स्वतःला ठेवतात, बाकी लोकांसाठी देतात. घर चालवणाऱ्या बाईला विचारा, ४० रुपयांत भागवणं म्हणजे काय ते!

साठीनंतर तर विद्यापीठाचा सगळाच पगार त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकला. सायन्स कॉलेजातल्या एका खोलीत राहायचे. १६ जून १९४४ ला तिथेच गेले. कंपनीचं १९८० साली राष्ट्रीयीकरण झालं, कोलकात्यात ती आजही चालू आहे.