संगणकाला भाषा शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

ग्रेस हॉपर यांचे नाव निघाले, की एका मेलेल्या पतंगाची गोष्ट हमखास सांगितली जाते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या संगणकाच्या रिलेमध्ये अडकलेला हा कीटक सापडला आणि नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. ती नोंदवही पुढे स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. मात्र तो पतंग हॉपर यांनी शोधला नव्हता, आणि यंत्रातील दोषाला 'बग' म्हणण्याची रीतही त्याआधीचीच. हॉपर यांना किस्से रंगवून सांगण्याची हौस होती, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा झाली इतकेच. त्यांचे खरे कार्य कंपायलरचे. माणसाला कळेल अशा भाषेत लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सातव्या वर्षी घरातली गजराची घड्याळे एकामागून एक उघडून त्यांनी त्यांचे सुटे भाग केले होते. व्हॅसार महाविद्यालयातून गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर १९३४ मध्ये येल विद्यापीठाने त्यांना गणितातील डॉक्टरेट दिली. व्हॅसारमध्ये प्राध्यापकी सुरू होती. व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी १९३० मध्ये झालेला विवाह १९४५ मध्ये संपुष्टात आला. आडनाव मात्र कायम राहिले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात जाण्याचा निश्चय केला. वय मर्यादेपलीकडे, वजन किमान मर्यादेपेक्षा पंधरा पौंडांनी कमी. खास सवलत मिळवून त्या डिसेंबर १९४३ मध्ये राखीव दलात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या. नेमणूक झाली ती हार्वर्डमध्ये, हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली. तेथील 'मार्क वन' हे ५१ फूट लांबीचे यंत्र छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा वाचत असे. कोणी एखादे गणित नीट सोडवले, की इतर जण त्याचा तो भाग आपल्या वहीत उतरवून घेत. या उतरवण्यातच चुका होत. गणिती माणसांनाही नक्कल करताना आकडे चुकतात आणि पत्त्यांची साधी बेरीजही जमत नाही, हे हॉपर यांनी रोज पाहिले.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉचली कंपनीत आल्या. युद्धानंतरची ती वर्षे त्यांना जड गेली; मद्यपानाने त्यांना ग्रासले होते. पण याच काळात त्यांच्या मनात एक विचार पक्का झाला: नक्कल करण्याचे आणि पत्ते जुळवण्याचे काम संगणकालाच का देऊ नये? तपासून घेतलेले लहान प्रोग्राम चुंबकीय फितीवर ठेवायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, आणि ते जोडण्याचे काम युनिव्हॅक संगणकावर सोपवायचे. १९५१-५२ मध्ये सिद्ध झालेला 'ए-झीरो' तो हाच. आजच्या व्याख्येत तो कंपायलरपेक्षा लिंकरच्या जवळचा ठरेल, पण वाट तेथूनच फुटली. पुढे येणाऱ्या, अद्याप पत्ता न ठरलेल्या आज्ञेकडे उडी कशी मारायची, हा पेच होता. महाविद्यालयात त्या बास्केटबॉल खेळत. पुढे धावणाऱ्या गड्याकडे चेंडू आधीच टाकण्याच्या त्या खेळातल्या डावावरून त्यांना तोड सुचली: अशा उड्या स्मृतीच्या एका कोपऱ्यात तात्पुरत्या थांबवून ठेवायच्या.

१९५३ च्या अखेरीस 'ए-टू' ही पुढची आवृत्ती ग्राहकांकडे गेली, आणि तिच्यासोबत तिची मूळ आज्ञावलीही गेली. वापरा, दोष शोधा, सुधारणा करा आणि त्या आम्हाला कळवा, असे ग्राहकांना सांगण्यात आले. त्यांनी ते खरोखर केले. 'ओपन सोर्स' हा शब्द रूढ होण्याला अजून पंचेचाळीस वर्षे अवकाश होता. यात औदार्य होतेच, पण व्यवहारही होता. त्या काळी पैसा यंत्राचा मिळे, आज्ञावली त्याच्यासोबत जाई. आणि एका खोलीत बसून जे दोष सापडत नाहीत, ते दहा ठिकाणच्या वापरात सापडतात.

त्यानंतर त्यांनी इंग्रजी शब्दांत प्रोग्राम लिहिण्याचा ध्यास घेतला. संगणकाला शब्द कळत नाहीत, असे वरिष्ठांचे ठाम मत. हॉपर यांच्या गटाने तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला, तेव्हा वरिष्ठ प्रसन्न होण्याऐवजी धास्तावले. तरीही 'फ्लो-मॅटिक' तयार झाली. १९५९ मध्ये पेंटॅगॉनमध्ये भरलेल्या बैठकीतून जी समिती निघाली, तिने 'कोबॉल' भाषा रचताना फ्लो-मॅटिकचाच मोठा आधार घेतला. कोबॉलच्या जननी म्हणून हॉपर यांचा गौरव होतो, परंतु भाषेचा आराखडा समितीचा होता. त्या सल्लागार होत्या. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबॉल प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन वेगळ्या यंत्रांवर चालला.

पण प्रत्येक कंपनीचे कोबॉल हळूहळू वेगळे होऊ लागले. १९६६ च्या अखेरीस निवृत्त झालेल्या हॉपर यांना नौदलाने ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले; ते सहा महिने एकोणीस वर्षे चालले. भाषेचे प्रमाण कागदावर ठरवून भागत नाही, कंपायलर ते पाळतो की नाही हे तपासले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या देखरेखीखाली नौदलाने कसोटी प्रोग्रामांचा संच तयार केला. प्रत्येक प्रोग्राम भाषेचा एकेक नियम वापरून पाहतो, अपेक्षित उत्तराशी पडताळतो आणि उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे छापतो. विक्रेत्याच्या जाहिरातीपुढे ठेवायला सरकारी खरेदीदाराच्या हाती प्रथमच पुरावा आला. पुढे केंद्र सरकारने ही पद्धत स्वीकारली. भाषा घडवण्याच्या तुलनेत हे काम नीरस, म्हणूनच त्याची चर्चा कमी होते.

१९७३ मध्ये त्या कॅप्टन झाल्या, पुढे कमोडोर आणि रिअर ॲडमिरल. एका नॅनोसेकंदात वीज किती अंतर कापते हे दाखवण्यासाठी सुमारे तीस सेंटिमीटरची तार त्या श्रोत्यांना वाटत. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन बंदरातील 'कॉन्स्टिट्यूशन' या जहाजावर त्या सेवानिवृत्त झाल्या, तेव्हा त्यांचे वय ७९ होते. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये त्यांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' मरणोत्तर देण्यात आले.

नौदलाच्या त्या कसोट्यांच्या परंपरेतून पुढे कोबॉल-८५ साठीचा कसोटी संच घडला आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेमार्फत सर्वांना खुला झाला. 'जीएनयू कोबॉल' या मुक्त कंपायलरचे कार्यकर्ते नवी आवृत्ती काढण्यापूर्वी तोच संच चालवतात. २०२५ मध्ये 'जीसीसी' या प्रसिद्ध मुक्त कंपायलर संचाच्या पंधराव्या आवृत्तीत कोबॉलचा समावेश झाला, त्यालाही याच संचातून जावे लागले.