मंच कुणाचाही असो, गाणे कुणाचे?

एप्रिल महिना लागला की न्हावा शेवा परिसरातल्या कामगार वस्त्यांमध्ये निळे झेंडे फडकू लागतात. बंदराच्या कंटेनर यार्डात, गोदामांत राबणारा आपला समाज इथे मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून पोटासाठी आलेला आहे. दिवसभर ट्रेलरच्या रांगा आणि धूळ, रात्री मात्र जयंतीचा मंडप आणि गायनपार्टी. अशाच एका वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. गायक नामांकित होता. तो मंचावर आला, त्याने माईक हातात घेतला आणि पुढच्या रांगेतली पंधरा-वीस पोरे एकदम उभी राहिली. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी खाली उतर म्हणून ओरडले. कारण सगळ्यांना ठाऊक होते. आदल्या निवडणुकीत याच गायकाने एका पक्षाच्या प्रचारसभेत भीमगीताच्या चालीवर उमेदवाराचे गुणगान केले होते. पोरांच्या मोबाईलमध्ये त्याचा व्हिडिओ होता.

मंडळाच्या अध्यक्षांनी हात जोडले, पोरांची समजूत काढली आणि अर्ध्या तासाने गाणे सुरू झाले. गंमत अशी की, मागे चटईवर बसलेल्या बाया या सगळ्या गोंधळात जागच्या हलल्या नव्हत्या. आमच्या शेजारी बसलेल्या एका आजीला आम्ही विचारले, तेव्हा तिने सांगितले की आपण बाबासाहेबांचे गाणे ऐकायला आलो आहोत, गाणाऱ्याचा पक्ष बघायला नाही. पोरांचे चूक की आजीचे? आम्ही त्या रात्री उत्तर न देताच घरी परतलो. पण घरी येताना आठवण झाली ती एका माणसाची. ज्याने साठ वर्षे मंचावर काढली, शेकडो सभा आपल्या गाण्याने उभ्या केल्या, आणि ज्याला खाली उतर म्हणण्याची हिंमत कुणाला झाली नाही, त्या लोककवी वामनदादा कर्डक यांची.

न्हावा शेव्याहून समुद्रापलीकडे पाहिले की शिवडी आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूने ही दोन्ही टोके आता जोडली आहेत. त्या शिवडीला, बंदराच्याच जमिनीवर उभ्या असलेल्या बी.डी.डी. चाळींत, वामनदादांचे तारुण्य गेले. तिकडच्या बंदराच्या सावलीतही तेव्हा आपलाच कष्टकरी समाज राहत होता आणि इकडच्या बंदराच्या सावलीत आजही तोच राहतो. म्हणून वामनदादांचे आयुष्य या वस्तीत पुन्हा एकदा सांगणे आम्हाला गरजेचे वाटते.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. आईचे नाव सईबाई. घरात दारिद्र्य एवढे की शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही. गुरे राखणे, मोळ्या वाहणे हेच बालपण. पण तो काळ आणि तो जिल्हा साधा नव्हता. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा वामन सात वर्षांचा होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. आजूबाजूची हवाच बदलत होती. ही हवा खेड्यापाड्यांत पोहोचवत होते ते जलसे.

आजच्या पोरांना जलसा म्हणजे काय हे सांगावे लागते. क्रांतिबा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या विचारांचे जलसे निघाले आणि त्याच वाटेने १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. बाज तमाशाचा, वाद्ये तीच, पण आशय नवा. ओढलेली मेलेली जनावरे टाका, मुलांना शाळेत घाला, येसकरकीची लाचारी सोडा, हे सगळे गाण्यातून आणि वगातून सांगितले जाई. नाशिक जिल्ह्यातलेच शाहीर भीमराव कर्डक हे या जलसाकारांचे अग्रणी. बाबासाहेबांनी या जलशांना आपल्या सभांपेक्षाही मोठे मोल दिले होते, असे जुनी माणसे सांगत आली. ते खरेच होते. ज्या गावात पुढाऱ्याची गाडी जात नव्हती, त्या गावात जलशाची ढोलकी पोहोचत होती. म्हणजे आपल्या चळवळीत गायक हा सभेचा पाहुणा कधीच नव्हता. सभा त्याच्यापासूनच सुरू होत होती.

वामन मुंबईला आला तो पोटासाठी. गिरणीत काम केले, कोळसा वाहिला, चिक्की विकली, सिनेमात चेहरा दिसावा म्हणून स्टुडिओंच्या दारात उभे राहून किरकोळ कामेही केली. शिवडीच्या चाळीत समता सैनिक दल होते, लेझीमचे पथक होते. त्यात हा तरुण रमला. एके दिवशी चाळीतल्या कुणीतरी त्याच्या हातात पत्र दिले आणि वाचून दाखव म्हणाले. अंगापिंडाने भरदार असलेल्या त्या तरुणाला अक्षर वाचता येत नव्हते. ती लाज त्याच्या जिव्हारी लागली. देहलवी नावाच्या मास्तरांकडून तो मुळाक्षरे शिकला, मग दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे शिकला. ज्याच्या गाण्यांवर पुढे विद्यापीठांत प्रबंध लिहिले गेले, त्याची शाळा म्हणजे मुंबईच्या रस्त्यावरच्या पाट्या.

१९४३ साली त्याने पहिले गीत रचले. ते एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. चाळीतल्या माणसांनी दाद दिली आणि वामनला आपली वाट सापडली. त्यानंतर बाबासाहेबांच्या सभा ऐकायच्या, त्यांतले विचार चालीत बांधायचे आणि वस्तीवस्तीत गायचे, हाच धंदा झाला. धंदा हा शब्द आम्ही जपून वापरतो, कारण त्यात कमाई नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्धाची गाणी आली. ६ डिसेंबर १९५६ नंतर तर घराघरांतले दुःख त्यांच्या गाण्यांतून बोलू लागले. ज्या आईबापांनी एक ओळ कधी वाचली नव्हती, त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र वामनदादांच्या गाण्यांतून पाठ केले.

संसाराची मात्र राखरांगोळी झाली. पहिला संसार टिकला नाही, लेक मीरा लहानपणीच गेली. पुढे शांताबाईंची साथ मिळाली, पण घर म्हणून जे असते ते त्यांना फारसे लाभले नाही. खांद्याला पिशवी अडकवायची आणि बोलावणे येईल त्या गावाला निघायचे. रात्री कुणाच्याही घरी मुक्काम, सकाळी त्याच घरात नवे गाणे. ते गाणे त्या घरातली शिकलेली पोर वहीत उतरवून घेई. अशा वह्या आजही अनेक घरांत पेटीच्या तळाशी आहेत. 'वाटचाल', 'मोहोळ', 'हे गीत वामनाचे' हे संग्रह निघाले. तरीही छापले गेले त्याहून कितीतरी अधिक लोकांच्या ओठांवर राहिले. कॅसेटच्या काळात त्यांची गाणी इतरांच्या आवाजात गावोगाव वाजली, पण गीतकाराचे नाव अनेकदा वाटेतच गळून पडले.

आता मुद्द्यावर येऊ. वामनदादा राजकीय सभांमध्ये गात होते की नव्हते? गात होते. राजकीय मंच हाच त्यांचा मंच होता. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याला फुटीची कीड लागली. प्रत्येक गटाचा वेगळा झेंडा, वेगळा अध्यक्ष, वेगळी सभा. पण सभेला माणसे जमवायची म्हणजे सगळ्यांना लागत होते ते वामनदादाच. पुढारी यायला दोन-तीन तास उशीर करी. तोवर थंडीवाऱ्यात माणसे धरून ठेवायचे काम गायकाचे. पुढाऱ्याची गाडी आली की हार्मोनियम बाजूला सारायची. आपल्या चळवळीतल्या कितीतरी गायकांनी हा अपमान मुकाट्याने गिळला आहे, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

मग समाजाने वामनदादांना कोणत्या गटाचे म्हणून कधी का विचारले नाही? आमच्या मते याचे उत्तर एकच आहे. मंच बदलला तरी त्यांचे गाणे बदलत नव्हते. बाबासाहेबांच्या विचारांची धार जी एका गटाच्या सभेत, तीच दुसऱ्या गटाच्या सभेत. उलट ज्या पुढाऱ्यांनी त्यांना बोलावले, त्यांच्याच समोर त्यांनी फुटीवर गाणी म्हटली, स्वार्थी नेत्यांना खडे बोल सुनावले, देशातली संपत्ती मूठभरांच्या घरात का, असा जाब विचारला. ऐकणाऱ्यांच्या टाळ्या पडत आणि मंचावरचे काही चेहरे पडत. मानधन देणाऱ्याच्या तोंडावर त्याच्याविरुद्ध गाण्याची ही ताकद त्यांना कुणी दिली? समोर बसलेल्या माणसांनी. आपला मालक मंचावरच्या खुर्चीत नाही, खाली चटईवर बसला आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत चालला. त्या सोळा वर्षांत जळलेल्या घरांचे, मेलेल्या माणसांचे दुःख त्यांनी गायले, ते याच नात्याने.

या नात्याची दुसरी, दुखरी बाजूही सांगितली पाहिजे. शाहीर विलास घोगरे हे डाव्या चळवळीच्या कलापथकात गात. गरिबीमुळे दुसऱ्यांच्या मंचावर गायले म्हणून त्यांच्याच साथींनी त्यांना दूर केले, ही कहाणी आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटातून जगापुढे आली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपले दहा जण गेले. चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. डोक्याला निळे कापड बांधले होते. कारण एकच होते असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याच्या घरात चूल पेटत नाही, त्याच्याकडून फक्त निष्ठा मागणारी चळवळ कलावंताला कुठवर एकटे पाडते, हे त्या मृत्यूने दाखवून दिले.

वामनदादांनी १५ मे २००४ रोजी नाशिकला अखेरचा श्वास घेतला. निरोपाला लोटलेली माणसे कोणत्या एका गटाची नव्हती. ती त्यांच्या गाण्याची होती.

आता पुन्हा न्हावा शेव्याच्या त्या मंडपात येऊ. पोरांचा राग खोटा होता काय? मुळीच नाही. ज्या चालीवर आपल्या आयांनी अंगाई म्हटली, त्या चालीत उमेदवाराचे नाव घुसडले की काळजाला लागणारच. आपली गाणी ही आपली मते गोळा करण्याचे जाळे झाली आहेत, हे आमची तरुण पिढी ओळखते, याचा आम्हाला अभिमान आहे. पण राग कशावर धरायचा, हे वामनदादांच्या आयुष्यावरून शिकावे. तो दुसऱ्याच्या मंचावर गेला, हा गुन्हा नाही. तिथे जाऊन त्याने काय गायले, हा प्रश्न आहे. विरोधी विचारांच्या मंचावर जाऊन कुणी संविधानाचे, समतेचे गाणे निर्भयपणे गात असेल तर तो आपलाच माणूस आहे. आणि आपल्या निळ्या मंचावर उभा राहून कुणी फक्त पुढाऱ्याची आरती ओवाळत असेल तर शिट्टी तिथेही वाजली पाहिजे. आजीही बरोबर होती, कारण ती गाणे ऐकत होती. मात्र गाण्यातला एक शब्द विकला गेला तर तो तिच्याही कानाला कळला पाहिजे, एवढे जागरण आपण केले पाहिजे.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारू. त्याच जयंतीत डी.जे.च्या भिंतीवर, रोषणाईवर आणि पुढाऱ्यांच्या फोटोंच्या कमानीवर किती खर्च झाला, आणि गायक व वादकांच्या हातात किती पडले? ढोलकीवाल्याला पहाटे एस.टी.च्या भाड्यासाठी मंडळाच्या माणसाच्या मागे फिरताना आम्ही त्या रात्रीही पाहिले. जयंतीचे चार दिवस सोडले तर त्याच्या घरात काय शिजते, हे आपण कधी विचारत नाही. मग निवडणुकीत कुणी पाकीट पुढे केले की तो तिकडे वळला, याचे नवल आपण करतो.

म्हणून न्हावा शेव्यातल्या आणि गावोगावच्या मंडळांना आमचे सांगणे आहे. पुढच्या जयंतीला डी.जे.चा एक दिवस कमी करा. गायक आणि वादकांचे मानधन आधी ठरवा आणि कार्यक्रम संपताच सन्मानाने हातात द्या. प्रमुख पाहुणा उशिरा आला तर गाणे थांबवू नका, त्याला खाली बसून गाणे ऐकू द्या. वर्षातून एकदा आपापल्या घरांतल्या वह्या काढा, वामनदादांची न छापलेली गाणी उतरवून घ्या आणि गाताना गीतकाराचे नाव घ्या. एवढे केल्यावर मग गायकाला हक्काने सांगा की, बाबा, मंच कोणताही घे, गाणे मात्र विकू नकोस. तोपर्यंत शिट्टी मारण्याआधी आपण सगळ्यांनीच थोडे खाली पाहिलेले बरे.