बडोद्याच्या फौजेतील बंगाली शिपाई

इंग्रज सरकारच्या लेखी बंगाली माणूस लढवय्या नव्हता. त्यामुळे फौजेची दारे त्याला बंद होती. बर्दवान जिल्ह्यातील चन्ना गावी १८७७ साली जन्मलेल्या जतींद्रनाथ बंदोपाध्याय यांना मात्र शिपाईच व्हायचे होते. हा ध्यास त्यांना बडोद्यास घेऊन आला. सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत तेव्हा अरविंद घोष होते आणि त्यांचे जिवलग स्नेही माधवराव जाधव संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट होते. अरविंदांच्या खटपटीने, बंगाली ओळख झाकण्यासाठी उपाध्याय हे आडनाव धारण करून, जतींद्रनाथ फौजेत दाखल झाले.

संस्थानी फौजेला रणांगण दिसण्याचा संभव थोडाच. पगार आणि बढती यांचा हिशेब मांडणाऱ्याने अशा चाकरीसाठी नाव बदलून एवढा दूरचा प्रवास केला नसता. जतींद्रनाथांना हवे होते ते कवायतीचे आणि शस्त्राचे शिक्षण. तेवढे घेण्यापुरतीच ही नोकरी होती.

१९०२ च्या सुमारास अरविंदांनी त्यांना कलकत्त्यास धाडले. गुप्त मंडळीतील तरुणांना ते कवायत आणि घोडेस्वारी शिकवू लागले. पण बराकीतली करडी शिस्त त्या सुशिक्षित तरुणांच्या पचनी पडेना. अरविंदांचे धाकटे बंधू बारींद्र यांच्याशी त्यांचे बिनसले आणि मंडळीत फूट पडली. बडोद्यात कमावलेला गुणच येथे आड आला.

पुढे सोहम स्वामींचे शिष्यत्व पत्करून ते निरालंब स्वामी झाले व चन्ना येथे आश्रम करून राहिले. १९३० साली त्यांचे देहावसान झाले.