कर्मवीर भाऊराव पाटील : विद्यार्थ्यांच्या घामातून उभे राहिलेले कॉलेज



शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत इतरांनी लिहिल्या आहेतच. मी मात्र आपल्या शाळेशी थेट संबंध नसलेल्या एका माणसाबद्दल लिहिणार आहे. शाळा सुटल्यावर आपल्यापैकी कितीतरी जण पनवेलच्या महात्मा फुले महाविद्यालयात गेले. ते कॉलेज रयत शिक्षण संस्थेने १९७० मध्ये काढले. सिडकोची स्थापनाही त्याच वर्षीची. नव्या शहरासाठी पनवेल-उरणच्या गावांतली भातशेती जाणार होती. ज्या घरांत कॉलेज कोणी पाहिलेले नव्हते, त्या घरांतली मुले पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढली ती याच काळात. कॉलेजच्या दिवाणखान्यात आणि कार्यालयात दाढीवाल्या, खादीतल्या कर्मवीरांचा फोटो आपण रोज पाहिला. त्यांचे आयुष्य मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले. मी पुढे प्राध्यापक झालो तेव्हा ते नीट वाचले, आणि माझ्याच वर्गाकडे बघण्याची नजर बदलली.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात गेले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. अस्पृश्य मुलांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटले. पुढे राजर्षी शाहू महाराजांचा सहवास लाभला. अभ्यासात मात्र ते रमले नाहीत. गणितात नापास झाल्यावर खुद्द महाराजांनी शब्द टाकला, तरी शिक्षकांनी त्यांना वरच्या वर्गात घातले नाही, अशी आठवण सांगितली जाते. इंग्रजी सहावीपुढे त्यांचे शिक्षण गेले नाही. मॅट्रिकही न झालेल्या या माणसाने पुढे कॉलेजे काढली.

साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या. पाटील मास्तर या नावाने ते ओळखले जाऊ लागले. जो मुलगा स्वतः वर्गात मागे पडला होता, तोच आता मागे पडलेल्या मुलांना शिकवत होता. कोल्हापुरातील डांबर प्रकरणात खोटी साक्ष द्यायला नकार दिल्यामुळे त्यांना तुरुंगवास आणि छळ सोसावा लागला. त्यानंतर ओगले आणि किर्लोस्कर यांच्या कारखान्यांसाठी त्यांनी गावोगाव फिरून माल विकला. नांगर विकताना शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याचे कर्ज आणि त्याची मुले दिसतात. खेड्यातला हुशार मुलगा शाळेअभावी गुरांमागे जातो, हे त्यांनी या फिरतीत पाहिले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी सत्यशोधक परिषदेच्या वेळी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली आणि वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत. त्या काळात एवढ्यानेच लोक दुरावत असत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. स्वयंपाक, झाडलोट, कपडे धुणे, भाजीपाला पिकवणे ही कामे मुलेच करीत.

या सगळ्याची किंमत घरातून मोजली गेली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मुले वहिनी म्हणत. मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले. बोर्डिंगात धान्य उरले नाही तेव्हा मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या वारल्या. रयतच्या कोणत्याही समारंभात कर्मवीरांबरोबर त्यांचे नाव घेतले जाते, ते उगाच नाही.

नुसती शाळा काढून भागत नाही, शिकवणाराही घडवावा लागतो, हे भाऊरावांनी लवकर ओळखले. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. तेथे तयार झालेले शिक्षक डोंगरकपारीतल्या गावांत गेले आणि शेकडो व्हॉलंटरी शाळा उभ्या राहिल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. मुलांनी श्रम करावेत आणि त्या बदल्यात फी न देता शिकावे, ही त्याची रीत. कमवा आणि शिका या नावाने ती महाराष्ट्रभर गेली.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, १९४७ मध्ये, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. खेड्यातल्या गरीब मुलाला घाम गाळून पदवीपर्यंत जाता येईल, असे हे कॉलेज. मुलांनी दगड फोडले, माती वाहिली, विहिरी आणि बागा केल्या, बांधकामावर राबले. सकाळी ज्या भिंतीला हात लागला, दुपारी तिच्याच आत व्याख्यान ऐकायचे. अशा मुलाला वर्गात बस म्हणून सांगावे लागत नाही. प्राध्यापकही त्याला नावाने, गावाने आणि घरच्या परिस्थितीने ओळखत.

वाट सोपी नव्हती. स्वातंत्र्यानंतर लगेच सरकारशी खटका उडाला आणि संस्थेचे अनुदान काही काळ बंद झाले. भाऊराव लोकांकडे गेले. गाडगे महाराजांसारखे संत पाठीशी उभे राहिले, संस्था तरली आणि अनुदानही परत सुरू झाले. १९५४ मध्ये कराडला निघालेल्या कॉलेजला भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. पुढच्याच वर्षी साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले. या मुशीतून घडलेले त्यांचे विद्यार्थी बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट्. देऊन गौरवले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पनवेलचे कॉलेज निघाले ते त्यानंतर अकरा वर्षांनी.

आता थोडे माझे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्या वर्गातली निम्मी बाके रिकामी असत. मी हजेरीची भीती घातली, नोट्स दिल्या, पुढे प्रोजेक्टरही आणला. बाके काही भरली नाहीत. कर्मवीरांचे चरित्र वाचल्यावर पहिल्यांदा मुलांना विचारले की तुम्ही सकाळी काय करता. कोणी दूध टाकत होता, कोणी पेट्रोल पंपावर रात्रपाळी करून येत होता, एक मुलगी चार घरांचा स्वयंपाक उरकून येत होती. वाणिज्य शाखेच्या त्या मुलांना मी त्यांच्याच कामाचा हिशोब मांडायला लावला. दूधवाल्याने उधारीची वही आणली, पंपावरच्या मुलाने इंधनाच्या साठ्याची नोंद कशी ठेवतात ते फळ्यावर समजावले. त्या तासाला मी मागे बसलो होतो. सगळी बाके भरली असे सांगणार नाही, पण बरीच भरली, आणि प्रश्न येऊ लागले.

कर्मवीरांच्या कामाचा मला लागलेला अर्थ एवढाच. विद्यार्थ्याचे श्रम ही त्यांना शिक्षणातली अडचण वाटली नाही, त्यांनी ते शिक्षणाच्या आत आणले. आज पुणे विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना त्यांच्याच नावाने चालते. कॉलेजात राहून काम, कामाचे पैसे आणि त्याबरोबर पदवी, अशी ती सोय आहे.

आपल्या बॅचमधले कोणी आज कारखाना चालवतात, कोणी दवाखाना, कोणी वकिली, कोणी बँकेत आहेत. मेळाव्यात शिष्यवृत्तीसाठी निधी जमेलच आणि तो जमावा. माझी विनंती त्याहून थोडी पुढची आहे. पनवेल परिसरातल्या एखाद्या कॉलेजातल्या एका मुलाला किंवा मुलीला आपल्याकडे तासाच्या हिशोबाने, मोबदला देऊन, शिकण्यासारखे काम द्या, आणि तिचे तास बुडणार नाहीत अशी वेळ ठरवा. पुढच्या मेळाव्याला येताना आपल्या हातून शिकलेले असे एक नाव प्रत्येकाने सोबत आणावे.