लोखंडी नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यात झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. पण रंगांच्या छटा नीट ओळखता येईनात. मग ते यंत्रांची चित्रे काढायला शिकले व मुंबईत शिक्षक झाले. बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला भावाबरोबर सायकली विकू लागले.

पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला. पण तो घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली! त्यातच शहर वाढवण्यासाठी कारखान्याची जागा गेली. १९१० साली औंधच्या राजांनी त्यांना माळरान दिले. तेथे निवडुंग आणि साप फार. त्याच माळावर किर्लोस्करवाडी वसली.